बीसीएल११ए : एकाच पेशीकुळात गप्प केलेले प्रथिन

२ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल येथील सारा कॅनन संशोधन संस्थेत, व्हिक्टोरिया ग्रे यांना त्यांच्याच रक्तोत्पादक मूलपेशी शिरेवाटे परत देण्यात आल्या. या पेशी काही महिने आधी त्यांच्या शरीरातून काढून प्रयोगशाळेत नेल्या होत्या आणि तेथे त्यांच्या डीएनएमध्ये एका नेमक्या जागी छेद देण्यात आला होता. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावच्या ग्रे जन्मतः सिकलसेलग्रस्त. क्रिस्पर, म्हणजे डीएनएमध्ये ठरवलेल्या जागी छेद देणाऱ्या, तंत्राने सिकलसेलवर उपचार घेणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या रुग्ण ठरल्या. उपचाराच्या सुरुवातीपासूनच त्यांनी आपली ओळख आणि अनुभव जाहीरपणे मांडले, आणि मार्च २०२३ मध्ये लंडनला भरलेल्या मानवी जनुक-संपादनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्या स्वतः बोलल्या. वैद्यकातील पहिला रुग्ण एरवी एका क्रमांकामागे झाकलेला असतो. येथे तसे झाले नाही.

या उपचाराविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, ग्रे यांच्यातील सदोष जनुक दुरुस्त करण्यात आले. ती चूक आहे. सिकलसेलचे जनुक त्यांच्या प्रत्येक पेशीत आजही जसेच्या तसे आहे. ते अकराव्या गुणसूत्रावर असते आणि त्याला कोणीही हात लावलेला नाही. छेद दिला गेला तो दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए नावाच्या एका पूर्णपणे निर्दोष प्रथिनाच्या जनुकात, आणि त्यातही प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागाबाहेर. निरोगी जनुकाला धक्का लावून रोगी जनुकाचा परिणाम झाकायचा, असा हा उलटा वाटणारा मार्ग होता. तो का निवडावा लागला आणि का साधला, हे समजून घेण्यासाठी या प्रथिनाकडे बारकाईने पाहावे लागते.

रोग आणि त्याला जन्मतः मिळणारी सवलत

सिकलसेलचे मूळ एका अक्षराच्या बदलात आहे. प्रौढांच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की ऑक्सिजन सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि त्यातून तीव्र वेदनांचे झटके, जंतुसंसर्ग, पक्षाघात, हाडांची व अवयवांची झीज सुरू होते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटले, आणि १९५० च्या दशकातच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बदल नेमका कोणत्या अमिनो आम्लात आहे हे दाखवले. म्हणजे कारण इतके स्पष्ट कळूनही त्यावर हा उपचार हाती यायला सत्तर वर्षे लागली.

या सत्तर वर्षांत एका निरीक्षणाचा धागा मात्र कोणी सोडला नाही. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये असे नोंदवले की, सिकलसेलचे जनुक घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फार थोड्या सापडतात, आणि याचे कारण त्यांच्या रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे. गर्भात बीटाऐवजी गॅमा साखळ्या बनत असतात. जन्माच्या आसपास गॅमाची दोन जनुके मागे पडतात, बीटाचे जनुक पुढे येते, आणि पहिल्या वर्षाच्या आत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारण एका टक्क्यावर येऊन थांबते. सिकलसेलची लक्षणे बाळ पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर दिसू लागतात ती यामुळेच. गॅमा साखळीचे संरक्षण केवळ सदोष रेणूंची संख्या घटवण्यापुरते नाही. तिच्या ८७ व्या स्थानावरील अमिनो आम्ल बीटाहून वेगळे असते, आणि एक गॅमा व एक सदोष बीटा असा मिश्र रेणू बनला तर तो तंतूच्या बांधणीत नीट बसतच नाही. त्यामुळे थोड्या गॅमा साखळ्याही आपल्या संख्येपेक्षा मोठा परिणाम घडवतात.

काही कुटुंबांत हे गर्भीय हिमोग्लोबिन आयुष्यभर टिकते आणि त्यांना त्याचा काहीही त्रास होत नाही; अशा व्यक्तीला सिकलसेलचे जनुक मिळाले तरी आजार अतिशय सौम्य राहतो. प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवलेला होता. प्रश्न एवढाच उरला होता की, जन्मानंतर गॅमाची जनुके बंद कोण करते.

बंद करणारा सापडतो

उत्तर आले ते हिमोग्लोबिनच्या अभ्यासकांना अजिबात अपेक्षित नसलेल्या दिशेने. लंडनमधील स्वी ले थीन यांच्या गटाने २००७ मध्ये निरोगी युरोपीय व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करून असे दाखवले की, गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या पेशींच्या प्रमाणातील सुमारे १५ टक्के फरक दुसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बदलांशी निगडित आहे. पुढच्याच वर्षी सार्डिनिया बेटावरील लोकसंख्येच्या अभ्यासातही तीच जागा पुढे आली. हे जनुक बीसीएल११ए. त्याची ओळख तोवर रक्तशास्त्रज्ञांना होती ती ब-लसीकापेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, काही कर्करोगांच्या संदर्भात. तांबड्या पेशींशी त्याचे नाते असेल अशी शंकाही कोणाला आलेली नव्हती.

बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २००८ मध्ये हे नाते सिद्ध केले. मानवी तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत बीसीएल११एचे प्रमाण घटवले की गॅमा जनुके पुन्हा बोलू लागतात, असे त्यांनी दाखवले. २०११ मध्ये त्याच गटाने सिकलसेलच्या उंदरांत केवळ तांबड्या पेशींच्या कुळातून हे प्रथिन काढून टाकले आणि उंदरांचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. या प्रयोगातील दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता, जरी त्याची चर्चा कमी झाली: प्रथिन नसतानाही तांबड्या पेशी व्यवस्थित परिपक्व होत होत्या. म्हणजे या एका कुळापुरते तरी बीसीएल११ए गॅमा बंद ठेवण्याखेरीज दुसरे कोणतेही अपरिहार्य काम करत नव्हते.

हे प्रथिन प्रतिलेखन, म्हणजे जनुकाचे वाचन, रोखणाऱ्या घटकांच्या वर्गातले आहे. त्याच्या सर्वांत लांब रूपात ८३५ अमिनो आम्ले असतात, आणि त्यात जस्ताच्या अणूभोवती दुमडलेली, बोटांसारखी दिसणारी क्षेत्रे असतात, ज्यांच्या साहाय्याने ते डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रम ओळखते. एकदा तेथे बसले की क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि तो गुंडाळणारी प्रथिने, आवळून ठेवणाऱ्या प्रथिनसमूहांना ते जवळ ओढते, आणि ते जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तेथे शिरकाव मिळत नाही. ते नेमके कोठे बसते यावर मात्र जवळपास दहा वर्षे वाद राहिला. ते गॅमा जनुकांपासून दूर बसून डीएनएची वळणे बदलत असावे, असे बऱ्याच जणांना वाटत होते. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की, ते थेट गॅमा जनुकाच्या प्रवर्तकावर, प्रतिलेखन जिथून सुरू होते तेथून सुमारे ११५ अक्षरे आधी, टीजीएसीसीए या क्रमावर बसते. ग्रीक कुटुंबांत पूर्वीच नोंदवलेला ११७ व्या स्थानावरील बदल याच जागेच्या कडेला येतो. तेथे एक अक्षर बदलले की प्रथिनाला बैठक मिळत नाही आणि गर्भीय हिमोग्लोबिन आयुष्यभर चालू राहते. कौटुंबिक नोंदी आणि रेणूशास्त्र यांची इतकी नेमकी गाठ वैद्यकात क्वचित पडते.

अडचण : हे प्रथिन इतरत्र लागते

येथवरचे वाचून कोणीही म्हणेल की, मग बीसीएल११ए बंद करावे आणि विषय संपवावा. या प्रकरणाचा गाभा नेमका यात आहे की, ते तसे करता येत नव्हते.

बीसीएल११ए पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर लगेच मरतात आणि त्यांच्यात ब-लसीकापेशी तयारच होत नाहीत, हे २००३ मध्येच कळले होते. अस्थिमज्जेतील मूलपेशी या प्रथिनावाचून लवकर थकतात. मेंदूतील चेतापेशींच्या जडणघडणीत त्याचा वाटा आहे, आणि त्याचा पुरावा माणसांतूनही मिळाला: या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत जन्मतः गमावलेल्या मुलांमध्ये बौद्धिक विकास मंदावलेला आढळतो, बोलणे उशिरा येते, आणि त्याच मुलांच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिनही वाढलेले असते. उपचाराचा हेतू आणि त्याचा धोका एकाच बाळाच्या तपासण्यांत शेजारी शेजारी दिसतात.

मूलपेशीच्या पातळीवर हा पेच अधिक घट्ट होतो. कायमचा उपचार करायचा तर बदल अस्थिमज्जेतील मूलपेशीत करावा लागतो, कारण तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते आणि तिच्यात केंद्रकच नसते. पण मूलपेशीत केलेला बदल तिच्या प्रत्येक वंशजात उतरतो. ज्या मूलपेशीपासून तांबड्या पेशी बनतात तिच्यापासूनच ब-पेशीही बनतात. म्हणून जनुकाचा मजकूरच तोडला असता, तर ग्रे यांची वेदना थांबली असती पण त्यांची प्रतिकारशक्ती आणि मूलपेशींचा साठा पणाला लागला असता. विभेदनाच्या, म्हणजे मूलपेशीपासून वेगवेगळ्या पेशी घडण्याच्या, वाटेवर कोठेतरी अशी जागा हवी होती, की जेथे केलेला छेद सर्व पेशींत असूनही केवळ एका कुळात जाणवेल.

डॅनियल बाउर आणि ऑर्किन यांच्या २०१३ च्या कामाने ही जागा दाखवली. थीन यांच्या आणि सार्डिनियाच्या अभ्यासांत जे बदल गर्भीय हिमोग्लोबिनशी जोडले गेले होते, ते प्रथिनाच्या मजकुरात नव्हतेच. ते जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनवताना वगळल्या जाणाऱ्या पट्ट्यात होते. त्या पट्ट्यात जनुकाच्या आरंभापासून सुमारे ५५, ५८ आणि ६२ हजार अक्षरांवर तीन उघडी ठिकाणे सापडली. हा त्या जनुकाचा एन्हान्सर, म्हणजे त्याचे वाचन वाढवणारा नियंत्रक पट्टा, आणि तो जागा होतो फक्त तांबड्या पेशींच्या कुळात. उंदरांच्या पेशींत हा पट्टा काढून टाकल्यावर तांबड्या पेशींच्या पूर्वजांत बीसीएल११ए जवळजवळ नाहीसे झाले, तर ब-पेशींत ते जसेच्या तसे राहिले. वाड्यातील सगळी वीज न घालवता एकाच खोलीचा खटका काढून टाकावा, तसे हे होते.

तरीही बारा हजार अक्षरांचा पट्टा छाटणे हे रुग्णावर करण्याजोगे काम नव्हते. २०१५ मध्ये याच गटाने क्रिस्परच्या साहाय्याने त्या पट्ट्यावर जागोजागी, जवळजवळ सलग, छेद देऊन कोणता छेद सर्वांत परिणामकारक ठरतो हे तपासले. ५८ हजारांच्या ठिकाणी एक अतिशय नाजूक बिंदू सापडला. त्या बिंदूवर गाटा-१ हे प्रथिन बसते. गाटा-१ हे स्वतः प्रतिलेखन घटक आहे आणि तांबड्या पेशी घडवणाऱ्या संपूर्ण कार्यक्रमाचे ते सूत्रधार मानले जाते. ब-पेशींत ते नसते, आणि म्हणूनच तेथे या बिंदूला काही अर्थ नसतो. गाटा-१ला हात न लावता, त्याच्या असंख्य बैठकींपैकी केवळ एक मोडायची, हा उपाय त्यातून निघाला. एका विभेदन-प्रथिनाच्या पायाखालची एक फरशी काढून दुसऱ्या विभेदन-प्रथिनाला एका दालनापुरते मुके करणे, इतके हे नेमके काम आहे. क्रिस्परच्या गाजावाजात या विचाराचे श्रेय थोडे झाकले गेले असे वाटते. कात्री कोणती यापेक्षा ती कोठे चालवायची हे शोधण्याला अधिक वर्षे आणि अधिक डोके लागले.

उपचार आणि निष्पत्ती

व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेराप्युटिक्स या कंपन्यांनी याच बिंदूवर आधारलेली चाचणी हाती घेतली. ग्रे यांना आधी काही आठवडे रक्त चढवून त्यांच्या शरीरातील सदोष हिमोग्लोबिनचा वाटा कमी करण्यात आला. मूलपेशी मज्जेतून रक्तात आणण्यासाठी इतर रुग्णांत सर्रास वापरले जाणारे जी-सीएसएफ हे औषध सिकलसेलमध्ये जीवघेणे झटके आणू शकते, म्हणून फक्त प्लेरिक्साफॉर वापरले गेले. रक्तातून गोळा केलेल्या या पेशींत विजेच्या सूक्ष्म झटक्याने कॅस-९ हे छेद देणारे प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए सोडण्यात आले. कॅस-९चे काम झाले की ते पेशीत विरून जाते. छेद पडला की पेशी तो घाईने सांधते आणि सांधताना काही अक्षरे गळतात किंवा भर पडते. गाटा-१ची बैठक मोडायला एवढे पुरते. बाहेरून नवे जनुक भरावे लागत नाही.

यानंतरचा भाग या साऱ्या नेमकेपणाला न शोभणारा होता. संपादित पेशींना मज्जेत जागा मिळावी म्हणून तेथील जुन्या पेशी बुसल्फानने नष्ट कराव्या लागल्या. हे कर्करोगासाठी वापरले जाणारे तीव्र रसायन आहे. ते सलग चार दिवस द्यावे लागते, केस जातात, तोंडात व्रण पडतात, पांढऱ्या पेशी शून्यावर येतात, आणि वंध्यत्वाचा धोका राहतो.

निष्कर्ष २०२१ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दोन रुग्णांपैकी एक बीटा थॅलेसेमियाची, म्हणजे बीटा साखळ्या पुरेशा न बनण्याच्या आजाराची, होती आणि दुसरी सिकलसेलची. सिकलसेलच्या रुग्णाला उपचारापूर्वीच्या दोन वर्षांत दर वर्षी सरासरी सात तीव्र झटके येत असत. परत दिलेल्या पेशींत या जनुकाच्या ८२.६ टक्के प्रती संपादित झालेल्या होत्या. एकूण हिमोग्लोबिन डेसिलिटरला ७.२ ग्रॅमवरून पंधराव्या महिन्यापर्यंत १२ ग्रॅमवर गेले. त्यातील गर्भीय हिमोग्लोबिनचा वाटा ९.१ वरून ४३.२ टक्क्यांवर पोचला. पाठपुराव्याच्या १६.६ महिन्यांत एकही झटका आला नाही.

सदोष हिमोग्लोबिनचा वाटा त्या वेळीही निम्म्याहून थोडा अधिक, ५२.३ टक्के होता, ही गोष्ट वाचकाला खटकेल. उलगडा वितरणात आहे. पूर्वीचे औषध हायड्रॉक्सियुरिया गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते खरे, पण ते काही पेशींत भरपूर आणि काहींत अगदी थोडे असे विषम वाढते, आणि रक्तवाहिनी तुंबवायला त्या उरलेल्या असुरक्षित पेशी पुरेशा असतात. येथे जवळजवळ प्रत्येक तांबड्या पेशीत गर्भीय हिमोग्लोबिन सापडले. सरासरीने झाकून ठेवलेली ही बाब माझ्या मते या संपूर्ण अहवालातील सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खटका मूलपेशीतच काढल्याचा तो थेट पुरावा आहे: त्या मूलपेशीची प्रत्येक तांबडी वंशज तो वारसा घेऊनच येते.

त्याच अंकात बॉस्टनच्या एका गटाने दुसऱ्या वाटेने हेच साधल्याचे सांगितले. त्यांनी विषाणूच्या वाहनातून एक आखूड आरएनए मूलपेशीत नेला, जो फक्त तांबड्या पेशींच्या कुळातच चालू होतो आणि तेथे बीसीएल११एचा संदेश निकामी करतो. साधने वेगळी, पण कुळापुरतेच गप्प करण्याचा आग्रह तोच. दोन्ही वाटांनी यश आल्याने बीसीएल११ए हे लक्ष्य योग्य आहे याविषयी शंका उरली नाही. पुढे मोठ्या चाचणीत ४४ सिकलसेल रुग्णांना क्रिस्परचा हा उपचार मिळाला, आणि ज्या ३० जणांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता त्यांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी कॅसजेव्ही या नावाने त्याला मान्यता दिली.

न सुटलेले

अमेरिकी नियामकांच्या सल्लागार समितीने मान्यतेपूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ज्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ घालवला तो म्हणजे चुकीच्या जागी पडू शकणारा छेद. मार्गदर्शक आरएनए वीस अक्षरांचा क्रम ओळखतो, आणि त्याच्याशी मिळताजुळता क्रम इतरत्र आहे का हे संगणकावर शोधले जाते. पण कोणाच्या जनुकसंचात शोधायचे? आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत आढळणारा एक अक्षरबदल याच मार्गदर्शकासाठी एक नवी चुकीची जागा निर्माण करतो, असे एका संशोधनात दिसले होते. प्रमाणित संदर्भ-जनुकसंचात पाहणाऱ्याला ती जागा कधीच दिसली नसती. चाचणीतील रुग्णांत अपायकारक छेद आढळले नाहीत. तरी मुद्दा राहतोच, आणि तो भारतासाठी विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण येथील आदिवासी आणि इतर समूहांची जनुकीय विविधता संदर्भसंचांत फारच अपुरी उतरलेली आहे.

शिवाय बुसल्फान आहेच. तरुण रुग्णाला वेदनामुक्ती आणि संततीची शक्यता यांत निवड करायला लावणारा उपचार अजून अर्धाच सुधारलेला म्हणावा लागेल. मज्जेतील जुन्या पेशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने, रसायनाशिवाय, हटवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

विदर्भातून पाहताना

या प्रकरणाचा महाराष्ट्राशी संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदला गेला, आणि त्याच दशकात नागपूरमध्येही. आज नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, अमरावती, आणि तिकडे नंदुरबार येथील आरोग्य केंद्रांत 'एस एस पॅटर्न' (रुग्ण) आणि 'ए एस पॅटर्न' (वाहक) हे शब्द घरोघरच्या माणसांच्या तोंडी आहेत. लग्न जुळवताना त्यांची विचारणा होते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाले, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे.

भारतीय रुग्णांत सिकलसेलचे जनुक ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर येते, तीत गॅमा जनुकाच्या प्रवर्तकातील १५८ व्या स्थानावर एक बदल असतो आणि त्यामुळे गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा साधारणतः जास्त राहते. यावरून भारतातील सिकलसेल सौम्य असतो असे अनेक वर्षे सरसकट लिहिले गेले. विदर्भातील डॉक्टरांचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही: येथे वारंवार भरती होणारी, वेदनेने कळवळणारी मुले पुष्कळ आहेत. प्रमाण जास्त असले तरी ते प्रत्येक पेशीत पुरेसे पोचते का, हा वितरणाचा प्रश्न येथेही लागू पडतो.

कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरली. त्याखेरीज प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालय, अनेक आठवड्यांचे विलगीकरण आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा हवा. गडचिरोलीतील रुग्णाच्या दृष्टीने आज हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या खंड न पडता मिळणे, नवजात बाळांची तपासणी आणि पाच वर्षांखालील मुलांना पेनिसिलिन हेच अधिक जीव वाचवतील, याविषयी दुमत नसावे. दिल्लीतील आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेने स्वतःचे क्रिस्पर साधन घडवून सिकलसेलवर स्वदेशी उपचाराचे काम हाती घेतले आहे आणि त्यात पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट भागीदार आहे. खर्च किती खाली येईल हे त्यावर बरेच अवलंबून राहील.

दुसरी वाट गोळीची आहे. बीसीएल११एला थेट औषधाने अडवणे अवघड, कारण विकरांमध्ये (एन्झाइममध्ये) असते तशी औषधाला पकडता येईल अशी खोबण त्यात सहज सापडत नाही. पण गर्भीय हिमोग्लोबिन दाबून ठेवणारे ते एकटेच नाही. २०२४ मध्ये नोव्हार्टिसच्या संशोधकांनी विझ नावाच्या दुसऱ्या दमनकारी प्रथिनाचा पेशीतच नाश घडवणारा लहान रेणू प्रसिद्ध केला, आणि तोंडाने दिल्यावर प्राण्यांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढते असे दाखवले. गोळी तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोचू शकते. पण ती रक्तातून सर्व अवयवांत जाते, आणि विझचे काम केवळ तांबड्या पेशींपुरते नाही. एन्हान्सरच्या एका बिंदूने बीसीएल११एच्या बाबतीत जे कुळापुरते मर्यादित करून दिले, ते गोळीला मात्रा आणि कालावधी यांच्या हिशोबातूनच साधावे लागेल, आणि तो हिशोब माणसांवरील चाचण्यांत मांडावा लागेल.